सर डिट्रिख ब्रँडिस व ब्रह्मदेशांतील डोंगरी शेतकरी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजोळचें घर जुनें असेल आणि त्याच्या तुळया सागवानी असतील. सुटींत दुपारीं माजघरांत पडल्या पडल्या त्या तुळईकडे आपण कितीदां तरी पाहतों; पण हें झाड कोणीं तोडलें, डोंगरांतून खालीं कसें आणलें, आणि त्याच्या जागीं दुसरें कोणीं लावलें कीं नाहीं, हा विचार सहसा मनांत येत नाहीं. यांपैकीं शेवटच्या प्रश्नानें ज्याला जन्मभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं, अशा एका परदेशी गृहस्थाचें हें चरित्र आहे.

डिट्रिख ब्रँडिस यांचा जन्म जर्मनींत ऱ्हाइन नदीच्या कांठीं बॉन या गांवीं ता. ३१ मार्च १८२४ रोजीं झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांच्या नोकरीनिमित्त लहानपणीं कांहीं काळ मुलाचें वास्तव्य ग्रीस देशांत अथेन्स येथें झालें. पुढें कोपनहेगन, गॉटिंगेन व बॉन येथें अध्ययन करून १८४९ सालीं ते बॉनच्या विद्यापीठांत वनस्पतिशास्त्र शिकवूं लागले. येथवरची हकीकत कोणाहि विद्वानाच्या मुलाची असावी तशीच आहे, आणि ब्रँडिस त्याच खुर्चीवर म्हातारे झाले असते तर आपणांस त्यांचें नांवहि ऐकूं आलें नसतें.

त्यांचें आयुष्य पालटलें तें विवाहामुळें. १८५४ सालीं त्यांनीं रेचल या विधवा बाईंशीं लग्न केलें. या बाई म्हणजे बंगाल्यांतील श्रीरामपूरचे प्रसिद्ध मिशनरी डॉ. जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. श्रीरामपूर हें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं. विल्यम कॅरे यांचें मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं तेथूनच छापून निघालें. रेचलबाईंच्या बहिणीचे यजमान सेनापति हॅवलॉक होते. या आप्तसंबंधांतून ब्रँडिस यांचें नांव गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानीं गेलें. आणि १८५६ च्या जानेवारींत, वनरक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव नसलेला हा एकतीस वर्षांचा प्राध्यापक ब्रह्मदेशांतील पेगू प्रांताच्या जंगलांवर अधिकारी म्हणून रुजू झाला.

(ब्रह्मदेशास आतां म्यानमार म्हणतात. आमच्या मुंबई इलाख्यांत याच्याहि आधीं, १८४७ सालीं, डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. पुण्याजवळील दापोडीची सरकारी बाग यांच्याच देखरेखीखालीं असे.)

पेगू प्रांत इंग्रजांनीं १८५२ सालच्या युद्धांत घेतला होता. तेथील साग हें ब्रह्मी राजांच्या अमलांत राजाचें झाड मानलें जाई. इंग्रजांस तो हवा होता जहाजांसाठीं व पुढें आगगाडीच्या रुळांखालच्या स्लिपरांसाठीं. दक्षिणेकडील तेनासरीम प्रांतांत लांकूडवाल्यांनीं सांपडेल तो साग तोडून थोड्याच वर्षांत जंगल उघडें केलें होतें. तीच गत पेगूची होऊं नये, पण लांकूड मात्र दरसाल मिळत राहावें, अशी दुहेरी अपेक्षा या नव्या अधिकाऱ्याकडून होती.

आतां जंगलांतील कामाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. ओला साग पाण्यांत बुडतो. म्हणून झाड तोडण्यापूर्वीं बुंध्याभोंवतीं साल व तिच्या खालचें पांढरें लांकूड गाभ्यापर्यंत कापून कडें पाडतात. झाड उभ्या उभ्या मरतें आणि दोन-तीन वर्षें उन्हांत वाळतें. मग तें पाडून ओंडके हत्तींकडून ओढवून ओढ्याच्या पात्रांत आणून ठेवावयाचे. ओढा उन्हाळ्यांत कोरडा असतो. पावसाळ्यांत लोंढा आला म्हणजे ओंडके आपोआप मोठ्या नदीस मिळतात. तेथें ते अडवून, तराफे बांधून रंगूनच्या बंदरास न्यावयाचे. पाऊस कमी पडला तर ओंडके वर्षभर तेथेंच पडून राहत. म्हणजे आज खूण केलेलें झाड पैशाच्या रूपानें हातीं येण्यास चार-पांच वर्षें सहज लागत. ज्याला घाई आहे त्यानें या धंद्यांत पडूं नये, हें उघड आहे; पण पडले होते ते बहुतेक घाईचेच लोक.

ब्रँडिस यांचा पहिला प्रश्न साधा होता : झाडें आहेत किती? याचें उत्तर कोणाजवळच नव्हतें. शेंकडों मैल पसरलेलें जंगल, त्यांत वेळूंचीं दाट बेटें, वाटा नाहींत, पावसाळ्यांत ताप. सगळीं झाडें मोजणें शक्य नव्हतें. म्हणून त्यांनीं डोंगराच्या धारेनें व ओढ्यांच्या कांठानें ठराविक वाटा आंखल्या, आणि हत्तीवर बसून जातां जातां दोहों बाजूंस दृष्टीच्या टप्प्यांत येणारा प्रत्येक साग मोजला. झाडांचे घेराप्रमाणें चार वर्ग केले. सहा फूट किंवा त्याहून अधिक घेराचें तें पहिल्या वर्गाचें, साडेचार ते सहा फुटांचें दुसऱ्या वर्गाचें, आणि लहान झाडें तिसऱ्या व चौथ्या वर्गांत. कागदावर टांचण करावें तर भिजलेल्या वेळूंवरून अंगावर सारखें पाणी ठिबकत असे. तेव्हां त्यांनीं वेळूच्या कांबी हातीं घेतल्या आणि झाड दिसलें कीं चाकूनें त्या त्या वर्गाच्या कांबीवर एक खांच पाडावयाची, असा क्रम ठेवला. मुक्कामावर आल्यावर खांचा मोजून वहींत आंकडे मांडावयाचे. आमच्याकडे गवळी दुधाचा हिशेब भिंतीवर रेघा ओढून ठेवीत, त्याच जातीची ही युक्ति. पण त्या खांचांवर एका प्रांताचें जंगल वांचलें.

कसें, तें पाहा. दुसऱ्या वर्गाचें झाड वाढून पहिल्या वर्गांत येण्यास सुमारें चोवीस वर्षें लागतात असा त्यांनीं अंदाज बांधला. यावरून, पहिल्या वर्गाचीं जितकीं झाडें आज उभीं आहेत त्यांचा चोविसावा भागच दरसाल तोडावा, म्हणजे शेवटचें झाड पडण्याच्या वेळीं मागची फळी तयार असेल, असा नियम त्यांनीं घालून दिला. हिशेब तिसरी-चौथींतील मुलालाहि समजेल असा आहे. रंगून व मोलमेन येथील लांकडाच्या व्यापाऱ्यांस मात्र तो कांहीं केल्या पटेना. त्यांनीं सरकारदरबारीं तक्रारींवर तक्रारी केल्या. सरकारहि मधून मधून डळमळलें. ब्रँडिस आपल्या आंकड्यांवरून हलले नाहींत.

व्यापाऱ्यांशीं भांडणें त्या मानानें सोपें होतें. कठीण प्रश्न होता तो डोंगरांत राहणाऱ्या कॅरेन लोकांचा.

हे लोक डोंगरउतारावर फिरती शेती करीत. ब्रह्मी भाषेंत ‘टाउंग’ म्हणजे डोंगर आणि ‘या’ म्हणजे शेत. म्हणून या शेतीचें नांव ‘टाउंग्या’. कारवारकडे व कोकणांत अशाच शेतीला कुमरी म्हणत. हिवाळा सरतांना कुटुंबांतील सगळीं माणसें मिळून एक उतार निवडीत आणि त्यावरील वेळू व झाडें तोडून वाळत घालीत. पाऊस येण्यापूर्वीं त्यास आग लावीत. राख हेंच खत. पहिला पाऊस पडला कीं टोंकदार काठीनें भोंकें पाडून त्यांत भात टोंचीत. मधून मधून कापूस, मिरची, भाजीपाला. मग बेणणी, मग रानडुकरांपासून व पाखरांपासून राखण, त्यासाठीं शेतांतच माचावर मुक्काम, आणि पावसाळा संपल्यावर कापणी. दुसऱ्या वर्षीं तण माजतें व जमिनीचा कस उतरतो, म्हणून दुसरा उतार पाहावयाचा. बैल नाहीं, नांगर नाहीं. कोयता, काठी आणि विस्तव एवढींच आउतें. पोटापुरतें धान्य याच शेतांतून निघे, आणि तें न निघालें तर दुसरा उपाय नसे.

या विस्तवांत सागाचीं झाडें व रोपें जळत. सरकारच्या दृष्टीनें तो अपराध होता, आणि त्याबद्दल कॅरेन लोकांवर खटलेहि होत. ब्रँडिस यांच्या ध्यानांत आलें कीं, ज्या माणसाचें सारें वर्ष याच एका शेतावर अवलंबून आहे त्याला दंड करून जंगल वांचत नाहीं; तो आणखी आंत, जेथें शिपाई पोंचत नाहीं तेथें, जाऊन कोयता चालवितो. शिवाय त्यांनीं एक गोष्ट डोळसपणें पाहिली. सागाच्या रोपाला सावली सोसत नाहीं. त्याला मोकळें ऊन पाहिजे आणि पहिलीं दोन वर्षें तणापासून सोडवणूक पाहिजे. भाजून साफ केलेल्या व बेणलेल्या भाताच्या शेतांत या दोन्ही गोष्टी आयत्या तयार होत्या! सरकारनें मजूर लावून तेंच करावयाचें तर खर्च पेलला नसता.

तेव्हां त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॅरेन लोकांपुढें असा करार मांडला. ठरवून दिलेला उतार तुम्हीं तोडावा, भाजावा, भात पेरावें. मात्र त्याच शेतांत सहा-सहा फुटांवर खुंट्या मारून प्रत्येक खुंटीशीं साग लावावा. भाताची बेणणी कराल तेव्हां सागाचीहि होईलच. पीक तुमचें. पीक निघाल्यावर जिवंत रोपें मोजून शेंकड्याच्या हिशेबानें रोख पैसे मिळतील. पुढच्या वर्षीं दुसरा उतार घ्यावा.

कॅरेन शेतकरी प्रथम कां कूं करीत होते, आणि त्यांचें म्हणणें वेडेपणाचें नव्हतें. पूर्वीं सोडलेलें शेत कांहीं वर्षांनीं, रान वाढल्यावर, पुन्हां भाजून पेरतां येत असे. एकदां तेथें साग उभा राहिला म्हणजे ती जमीन त्यांच्या व त्यांच्या मुलांच्या हातून कायमचीच गेली. रोपामागें मिळणारा पैसा एकदांचा. साग मात्र शंभर वर्षें उभा राहणार आणि तो सरकारचा. तरीहि खटल्यापेक्षां करार बरा म्हणून एकेक गांव तयार होत गेलें, व कांहीं वर्षांत डोंगरांवर रांगेनें लावलेलीं सागवनें दिसूं लागलीं. ही पद्धति पुढें बंगाल, जावा, आफ्रिका अशी दूरवर पसरली, आणि ब्रह्मी नांव घेऊनच पसरली.

१८६४ सालीं ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले इन्स्पेक्टर-जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाले. पुढील एकोणीस वर्षें त्यांनीं पंजाबपासून मद्रासपर्यंत जंगलें पायाखालीं घातलीं. तरुण अधिकाऱ्यांस शिक्षणासाठीं जर्मनीस व फ्रान्सास पाठविण्याची व्यवस्था केली, आणि १८७८ सालीं देहरादून येथें वनशाळा निघाली ती त्यांच्याच खटपटीनें. चुकाहि झाल्या. सागाच्या जंगलांत वणवा शिरूंच द्यावयाचा नाहीं, या धोरणाचा त्यांनीं मोठा आग्रह धरला. पुढें त्यांच्याच खात्यांतील लोकांस ब्रह्मदेशांत आढळलें कीं, सागाचें रोप जळालें तरी मुळापासून पुन्हां फुटतें, इतर रोपें मात्र मरतात. वणवा अजिबात थांबविला तर ओलसर रानांत दुसरीं झाडें व वेळू माजून सागालाच जागा उरत नाहीं. कॅरेन शेतकऱ्याच्या ज्या विस्तवाला इतकीं वर्षें शिव्या दिल्या, त्याचाहि जंगलांत कांहीं हिशेब होता!

१८७८ च्या जंगल कायद्याच्या वेळीं मोठा वाद झाला. सरकारी अधिकाऱ्यांतील एक पक्ष म्हणे, रान सगळें सरकारचें. लोकांना मिळतें ती मेहेरबानी. ब्रँडिस यांस हें मान्य नव्हतें. गांवकऱ्यांचे हक्क नोंदवून घ्यावे, गांवोगांव गांवाच्या मालकीचीं रानें राखावीं व तीं गांवानेंच सांभाळावीं, असें त्यांचें मत होतें. देवाच्या नांवानें राखलेल्या रानांविषयीं, म्हणजे आपल्या देवरायांसारख्या वनांविषयीं, त्यांना मोठें कौतुक असे, व त्यांवर त्यांनीं पुढें लिहिलेंहि. कायद्यांत गांवरानाचें एक प्रकरण आलें खरें. परंतु तें बहुतेक कागदावरच राहिलें. गुरें चारण्याचीं रानें बंद झालीं, सर्पण महागलें, रखवालदाराची मात्र चंगळ झाली. १८८३ सालीं ब्रँडिस निवृत्त होऊन स्वदेशीं परतले, आणि त्याच सालीं आमच्या पुण्यांत जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून जंगल खात्यानें शेतकऱ्याची केलेली कोंडी जगापुढें मांडली. दोघांची कधीं भेट झाली असती तर काय बोलणें झालें असतें, असें राहून राहून वाटतें.

टाउंग्या पद्धतीचा पुढचा इतिहासहि सांगणें भाग आहे. उत्तर प्रदेशांत गोरखपूरच्या बाजूस विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून याच रीतीनें वनें लावण्यांत आलीं. वनें लावणारीं कुटुंबें तेथेंच राहिलीं, पण त्यांच्या झोंपडीखालची जमीनहि त्यांच्या नांवावर नव्हती. त्यांना ‘वनटांगिया’ म्हणतात. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें त्यांस दाद मागण्याची वाट मिळाली. कॅरेन शेतकऱ्यांनीं पेगूच्या डोंगरांत घेतलेली शंका त्यांच्या बाबतींत दीडशें वर्षांनींहि जिवंतच होती.

ब्रँडिस यांस १८८७ सालीं ‘सर’ ही पदवी मिळाली. बॉन येथें त्यांच्याकडे देशोदेशींचे विद्यार्थी येत. अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचॉट हे त्यांचेच शिष्य. हिंदुस्थानांतील झाडाझुडपांवरील ‘इंडियन ट्रीज’ हा मोठा ग्रंथ १९०६ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां ते ब्याऐंशी वर्षांचे होते. ता. २८ मे १९०७ रोजीं बॉन येथेंच त्यांचें देहावसान झालें.

ब्रह्मदेशांतील एका उंच, जाड वेळूच्या जातीला शास्त्रज्ञांनीं त्यांचें नांव दिलें आहे. त्या वेळूचीं रोपें आतां महाराष्ट्रांतहि मिळतात. कोकणांतील व घाटावरील कित्येक लहान शेतकरी तो आपल्या बांधावर लावतात आणि रोपवाटिकेंत जाऊन ‘ब्रँडिसी’ म्हणून मागतात.