पत्र्याची ट्रंक आणि डॉक्टर कोटणीस

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. गेली कित्येक वर्षे 'पुढच्या सुट्टीत पाहू' असे म्हणत ती राहून गेली होती. आत आजोबांनी तारेत ओवून ठेवलेली पोस्टकार्डे, लग्नपत्रिका, कडा पिवळ्या पडलेली छायाचित्रे आणि गिरणीचे एक ओळखपत्र होते. एका छायाचित्रात सातजण होते. त्यांतले चारजण आजीने ओळखले, तिघांपाशी ती थांबली. त्या तिघांची नावे आता सांगणारे कोणीच उरले नाही. त्या दिवशी मनाला मोठी चुटपुट लागली, आणि आपल्याच गावच्या एका थोर पुरुषाची आठवण झाली. घरच्यांनी आणि सोबत्यांनी जपले, लिहिले, पुढच्या पिढीच्या हाती दिले, म्हणून त्याचे चरित्र आज आपल्याला इतके जवळून दिसते. तो पुरुष म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. घर मध्यमवर्गीय. दोन भाऊ आणि पाच बहिणी असा भरलेला संसार. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर निजणारे शहर. द्वारकानाथ विशीचे होते तेव्हा, १९३० साली, याच शहरात इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे आपले चार हुतात्मे येरवड्यास फासावर गेले. अशा गावात वाढलेल्या तरुणाला देश म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नसेल.

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. पुढे परदेशी जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, असा त्यांचा मनोदय होता. पण १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, बावीस हजार रुपयांचा निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आपले कोटणीस.

घरी विचारले तेव्हा वडिलांनी उत्तेजन दिले. आईला मात्र फार वाईट वाटले. मुलगा एवढ्या लांब चालला, आणि तोही लढाईच्या मुलखात! चीन कुठे आहे, कसा आहे, याची त्या घराला फारशी कल्पना नव्हती. दारावर चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले, एवढीच काय ती त्या देशाची ओळख, असे त्यांच्या धाकट्या भगिनी पुढे सांगत असत. सप्टेंबर १९३८ च्या सुरुवातीस 'राजपुताना' बोटीने पथक मुंबईहून निघाले. मुदत होती अवघ्या एका वर्षाची.

तिथून पुढे या घराचा आणि मुलाचा संबंध उरला तो केवळ पत्रांचा. युद्धाच्या काळात टपाल कसे आणि केव्हा पोचेल, याचा काही भरवसा नव्हता. पथक चुंगकिंगला असताना वडील निवर्तल्याची वार्ता द्वारकानाथांना कळली. सोबत्यांनी घरी परत जाण्याचा आग्रह केला. ते गेले नाहीत. पत्करलेले काम अर्धवट टाकणे त्यांना मानवले नाही. आईचे दुःख त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण दुखणाईत माणसांनी भरलेला तो देश डोळ्यांसमोर होता.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. चीनशी नाते जडावे म्हणून पथकातील डॉक्टरांच्या नावांना 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले आणि आपले कोटणीस 'क दिहुआ' झाले. त्यांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली की त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहू लागले. आघाडीवर सलग बहात्तर तास न झोपता त्यांनी शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये जखमींची सेवा करतानाच वारले होते. त्यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. इमारत नाही, खाटा नाहीत, शत्रू जवळ आला की खेड्यातून खेड्यात हलायचे, असे ते रुग्णालय! मुदतीचे वर्ष केव्हाच संपले होते. सोबती एकेक करून परतले. मागे राहिले फक्त बसू आणि कोटणीस.

नोव्हेंबर १९४१ मध्ये तेथील परिचारिका-शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. आई-बापांचे दोन्ही देश त्या दोन अक्षरांत आले. पण सुख फार दिवसांचे नव्हते. अतिश्रमाने शरीर खचले होते, अपस्माराचे झटके येत होते. विश्रांतीचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

वाचकहो, इथे क्षणभर थांबावेसे वाटते. त्या मुलाला पित्याचा आवाज आठवणे शक्य नव्हते. पित्याचा चेहरा त्याला छायाचित्रांतच पाहावा लागला असेल, आणि स्वभाव इतरांच्या आठवणींतच शोधावा लागला असेल. जपून ठेवलेल्या एका छायाचित्राचे मोल काय, हे अशा मुलालाच ठाऊक. पुढे तोही वैद्यकाकडे वळला, पण १९६७ साली ऐन तारुण्यात वारला. ज्याच्यासाठी आठवणी जपायच्या, तोच आधी गेला. राहिल्या त्या आठवणी.

तरीही जपणाऱ्यांनी हात आखडला नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली या जीवनावर पुस्तक लिहिले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. त्यामुळे नाव घरोघर पोचले. पण पडद्यावरचा नायक वेगळा आणि घरातला द्वारकानाथ वेगळा. तो घरातला माणूस लिहायचे काम राहून गेले होते. ते बंधू मंगेश यांनी हाती घेतले. त्यांनी लिहिलेले भावाचे चरित्र १९८२ साली, म्हणजे मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी चीनने कोटणीसांवर टपाल तिकिटे काढली, आणि १९९३ साली भारतानेही काढले. डॉ. बसूंची त्या दिवसांची हकिगत १९८६ साली पुस्तकरूपाने आली. छिंगलानबाईंनीही उतारवयात आपल्या सहजीवनाच्या आठवणी सांगून ठेवल्या. २०१२ साली त्या गेल्या, आणि त्याच वर्षाच्या आरंभी आपल्या सोलापुरात कोटणीसांच्या जन्मघरी स्मारक उभे राहिले. भावाला चाळीस वर्षे लागली, गावाला सत्तर! पण उशीर झाला म्हणून काम सोडून दिले नाही, हे महत्त्वाचे.

कोणी म्हणेल, ते थोर पुरुष, त्यांचे कागद जपावेत. आमच्या ट्रंकेत काय ठेवले आहे? पण १९३८ साली बोटीवर चढलेला तो सत्तावीस वर्षांचा तरुण घरच्यांसाठी केवळ घरातला एक मुलगाच होता. कोणते पत्र शेवटचे ठरेल, हे ते उघडताना कोणालाच कळत नसते.

आमचे काम अजून संपलेले नाही. आजी रोज दुपारी तासभर बसते. मी एकेक छायाचित्र तिच्यापुढे धरतो आणि ती सांगेल ते नाव, गाव, साल मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवतो. पेन इकडून तिकडे फुटते म्हणून पेन्सिल. पोस्टकार्डे सालवार लावून झाली. ते तिघेजण अजून अनोळखीच आहेत. त्यांच्या मागे मी तूर्त एवढेच लिहिले आहे, की हे आमच्या घरचे कोणी आहेत. कदाचित एखाद्या दुपारी आजीला आठवेल.