रहीम खानखाना आणि बऱ्हाणपूरचे पाणी

हिंदीच्या तासाला रहीम यांचे दोहे आपण सर्वांनीच पाठ केलेले आहेत. परंतु हे रहीम आपल्याच बऱ्हाणपुरात कितीतरी वर्षे राहिले होते, हे पुष्कळांना माहीत नसते. शाळेच्या सहलीत लालबागेतील कुंडी भंडारा आपण पाहतो, वाकून खाली पाणी बघतो आणि परत येतो. हे काम ज्यांच्या काळात झाले, त्या माणसाची ओळख मात्र राहून जाते. रहीम यांच्या चरित्रातून एक फार उपयोगी गोष्ट शिकता येते. पैसा कसा खर्च करावा, काम कोणाला सांगावे आणि सांगितल्यावर आपण कसे वागावे, ही ती गोष्ट.

अब्दुर्रहीम यांचा जन्म १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोर येथे झाला. त्यांचे वडील बैरामखान हे बाल अकबराचे पालक आणि राज्याचे कारभारी होते. पुढे अकबराशी त्यांचे बिनसले. १५६१ च्या जानेवारीत मक्केच्या यात्रेला निघालेले असताना गुजरातेतील पाटण येथे त्यांचा खून झाला. रहीम त्या वेळी जेमतेम चार वर्षांचे होते. अकबराने या पोरक्या मुलाला आपल्याजवळ आणले, वाढवले आणि उत्तम शिक्षण दिले. तुर्की, फारसी, अरबी, संस्कृत आणि हिंदी अशा अनेक भाषा रहीम शिकले. बाबराचे तुर्की भाषेतील आत्मचरित्र त्यांनी फारसीत आणले आणि १५८९ मध्ये ते अकबराला सादर केले.

रहीम केवळ पंडित नव्हते. १५८४ मध्ये गुजरातेत सरखेजच्या लढाईत त्यांनी मोठा विजय मिळवला. त्या वेळी त्यांचे वय २७ वर्षांचे होते. या पराक्रमाबद्दल त्यांना वडिलांचाच ‘खानखाना’ हा किताब मिळाला. पुढे सिंध प्रांतही त्यांनी जिंकून दिला. दानशूर म्हणून त्यांची ख्याती तर सर्वदूर पसरली होती. दान देताना ते मान खाली घालून बसत, असे सांगतात. घेणाऱ्याला संकोच वाटू नये, हा त्यामागचा हेतू.

१५९५ साली रहीम दक्षिणेच्या मोहिमेवर आले. येथे त्यांना एक कडू अनुभव आला. अहमदनगरच्या किल्ल्याला मोगलांनी वेढा घातला. सैन्य मोठे होते, तोफा होत्या, सुरुंग लावण्याची तयारी होती. पण सैन्याला प्रमुख मात्र एक नव्हता. शाहजादा मुराद एक सांगे, रहीम दुसरे सांगत, आणि बाकीचे सरदार आपापल्या सोयीने कोणाचे तरी ऐकत. किल्ल्याच्या आत चांदबिबी होती. तिथे हुकूम देणारी ती एकटीच. सुरुंगाने तट पडला तेव्हा ती स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभा करून घेतला. अखेर मोगलांना वऱ्हाडावर समाधान मानून १५९६ मध्ये तह करावा लागला. यानंतर वर्षभरातच, १५९७ मध्ये, गोदावरीकाठच्या आष्टीजवळ मोठी लढाई झाली. विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांच्या फौजा एकत्र आल्या होत्या. मुराद या लढाईत नव्हता, सूत्रे रहीम यांच्या हाती होती. शत्रू संख्येने जास्त असूनही ते जिंकले. दोन्ही प्रसंगी माणसे बरीचशी तीच होती. पहिल्या वेळी जबाबदारी वाटली गेली होती, दुसऱ्या वेळी ती एकाच्या शिरावर होती.

१६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेश मोगल राज्यात सामील झाला. बऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या कारभाराचे मुख्य ठाणे झाले. शाहजादा दानियाल येथे सुभेदार होता. रहीम यांची कन्या जाना बेगम हिचा विवाह त्याच्याशी झाला होता. १६०५ मध्ये दानियाल बऱ्हाणपुरातच वारला. त्याच वर्षी अकबरही गेला आणि जहांगीर गादीवर बसला.

रहीम यांना नेहमीच यश मिळाले असे मात्र नाही. १६१० साली मलिक अंबरवर चालून गेलेली त्यांची मोहीम फसली. सरदारांत एकमत नव्हते, वाट अडचणीची होती आणि सैन्याला धान्य पुरले नाही. अहमदनगरचा किल्ला हातचा गेला. रहीम यांना परत बोलावण्यात आले. सैन्य लढण्याआधी जेवते आणि पाणी पिते. त्याची सोय चुकली की तलवारीचा उपयोग होत नाही, हे या मोहिमेत सर्वांना दिसले. १६१२ मध्ये रहीम यांना पुन्हा दक्षिणेत पाठवण्यात आले. बऱ्हाणपूरच्या पाण्याचे काम झाले ते यानंतर, १६१५ साली.

आता त्या वेळच्या बऱ्हाणपूरचे चित्र डोळ्यांपुढे आणा. दक्षिणेची फौज, हत्ती, घोडे, उंट, कारागीर, विणकर, व्यापारी. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही १६१५ च्या नोव्हेंबरात इथे येऊन शाहजादा परवेझला भेटून गेला. एवढ्या वस्तीला रोज पाणी हवे. तापी गावाच्या शेजारून वाहते, मग अडचण काय? अडचण अशी की गाव उंच काठावर आणि नदी खाली. पावसाळ्यात पाणी गढूळ होते. शिवाय युद्धाचे दिवस होते. शत्रूने नदीच्या पाण्यात विष कालवले तर काय, अशीही धास्ती होती, असे सांगतात.

वरवर पाहता सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नदीवरून पखालींनी पाणी वाहणे. भिस्ती लावायचे, बैल लावायचे, काम सुरू. पण हिशोब करून पाहा. भिस्त्याला रोज मजुरी, बैलाला रोज वैरण, पखाल फाटली की नवी. वस्ती वाढली की माणसे वाढवायची. हा खर्च कधीच संपत नाही, आणि एवढे करून पाणी गढूळच. म्हणजे पहिल्या दिवशी जे स्वस्त दिसते, ते दहा वर्षांत महाग पडते.

रहीम सेनापती होते, कवी होते, पण जमिनीखालचे पाणी हा त्यांचा विषय नव्हता. तो विषय जाणणारा माणूस होता तबकुतुल अर्ज हा इराणी भूगर्भतज्ज्ञ. इराणात भुयारी कालव्यांनी पाणी आणण्याची विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिथे त्यांना ‘कनात’ म्हणतात. या तज्ज्ञाने तापीच्या खोऱ्याची पाहणी केली. सातपुड्यावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि जमिनीखालूनच उताराने तापीकडे झिरपत जातो, हे त्याने ओळखले. नदीत मिसळण्याआधीच हे स्वच्छ पाणी वाटेत अडवावे आणि गावाकडे वळवावे, अशी ही योजना.

योजना किती सोपी आहे ते पाहा. जमिनीखाली एक भुयार खोदायचे आणि त्याला अगदी बेताचा उतार द्यायचा. आजूबाजूचे पाणी झिरपून भुयारात येते आणि उताराने आपोआप पुढे वाहते. वर ठराविक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या. खोदताना माती काढायला त्याच, हवा खेळायला त्याच, गाळ काढायला उतरायचे तेही त्यांतूनच. मोट नको, रहाट नको, बैल नको. पाणी जमिनीखाली असल्यामुळे उन्हाने आटत नाही आणि त्यात कचराही पडत नाही. कुंडी भंडाऱ्याला अशा शंभराहून अधिक कुंड्या असून सुरुवातीच्या कुंड्या सुमारे ८० फूट खोल आहेत. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण असे आणखीही भंडारे आहेत. भंडाऱ्यांचे पाणी जाळी करंजात येई आणि तिथून नळांनी गावात जाई.

गंमत अशी की रहीम यांचा कट्टर शत्रू मलिक अंबर यानेही त्याच सुमारास आपल्या खडकी गावासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, अशीच भुयारी नहर बांधली. रणांगणावर एकमेकांसमोर उभे असलेले हे दोन सेनापती पाण्याच्या बाबतीत एकाच निष्कर्षाला पोहोचले. तर्क बरोबर असला की असेच होते.

आपल्याकडे खरेदी म्हटली की तीन कोटेशन मागवायची आणि सर्वांत कमी दराचे पास करायचे, अशी पद्धत रूढ आहे. पेन्सिली आणि खडू घ्यायचे असतील तर ती चांगलीच आहे, कारण कोणाकडूनही घेतले तरी माल तोच. पण छत दुरुस्त करायचे असेल, विहीर खोदायची असेल, तर माणसामाणसाच्या कामात फरक पडतो. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत डीन काशिवागी यांनी १९९० च्या दशकापासून याच विषयावर काम केले. ‘बेस्ट व्हॅल्यू’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिचे सार थोडक्यात असे : आपल्याला काय हवे ते स्पष्ट सांगा; ते कसे करायचे हे जाणणारा माणूस शोधा; त्याने पूर्वी केलेले काम बघा; त्याची योजना त्याच्याकडूनच समजून घ्या; आणि मग पावलोपावली हुकूम सोडू नका. ज्याला विषय खरोखर कळतो, तो साध्या शब्दांत सांगू शकतो. जो उगाच कठीण करून सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे. भारत सरकारनेही २०२१ साली काही कामांसाठी दराबरोबर गुणवत्तेचे गुण मोजून निवड करण्याची मुभा दिली.

रहीम यांच्या काळी हे शब्द नव्हते. पण कुंडी भंडारा या कसोटीवर घासून पाहा. हवे काय? गावाला बारा महिने स्वच्छ पाणी. जाणकार कोण? भूगर्भतज्ज्ञ. पुरावा काय? त्याच्या देशात शतकानुशतके चाललेली विद्या. आणि तत्त्व? पाणी उताराकडे वाहते, एवढेच. हे तर पहिलीतल्या मुलालाही समजते! नेतृत्व म्हणजे सगळे स्वतःला येणे नव्हे. आपल्याला काय येत नाही हे ओळखून ते ज्याला येते त्याला पुढे करणे, हेही नेतृत्वच आहे.

रहीम यांचे उत्तरायुष्य मात्र दुःखात गेले. १६१६ मध्ये त्यांचा मुलगा शाहनवाजखान याने मलिक अंबरचा पराभव केला, पण १६१९ मध्ये तो वारला. त्याची कबर बऱ्हाणपुरातच आहे. पुढे शाहजादा खुर्रम, म्हणजे शाहजहान, याने बापाविरुद्ध बंड केले. त्या राजकारणात रहीम सापडले. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला झाल्याने दोघांचाही विश्वास गेला आणि त्यांना कैद भोगावी लागली. दुसरा मुलगा दाराब याला ठार मारण्यात आले. शेवटी जहांगीरने त्यांना माफ केले आणि किताब परत दिला. १६२७ मध्ये दिल्ली येथे वयाच्या सत्तरीत त्यांचे निधन झाले. पत्नी माहबानू हिच्यासाठी त्यांनीच बांधलेल्या निजामुद्दीनजवळच्या मकबऱ्यात त्यांचे दफन झाले. पुढे अठराव्या शतकात त्या मकबऱ्याचा दगड दुसऱ्या इमारतीसाठी काढून नेला गेला. त्याची दुरुस्ती पूर्ण झाली ती २०२० साली.

बऱ्हाणपूरचे पाणी मात्र चारशे वर्षे वाहत राहिले. २०२४ च्या मार्च महिन्यात या भंडाऱ्याचे नाव ‘खुनी भंडारा’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. आपल्या गावासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे, पण नुसत्या अभिमानाने पाणी वाहत नाही. भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे थर साचून वाट अरुंद होते आहे. सातपुड्यावरची झाडे कमी झाली की पाऊस मुरत नाही, वाहून जातो. जागोजागी कूपनलिका खोदल्या की भुयारात येणारे पाणी वरच्यावर ओढले जाते. सर्वांत चांगली वस्तूसुद्धा निगा राखली नाही तर बिघडते, आणि निगेचा खर्च हा वस्तूच्या किमतीचाच एक भाग असतो.

मित्रांनो, पुढच्या सहलीत लालबागेत जाल तेव्हा कुंडीत वाकून पाहताना प्लास्टिकची बाटली किंवा कागद खाली पडू देऊ नका. कुंड्या मोजा, दोन कुंड्यांमधले अंतर पावलांनी मोजा, उतार कोणत्या दिशेला आहे ते शोधा. वर्गात आल्यावर त्याचा नकाशा काढा. शाळेत एखादी वस्तू आणायची ठरेल, तेव्हा ‘केवढ्याला?’ या प्रश्नाबरोबर ‘किती वर्षे टिकेल? कोण दुरुस्त करेल? ज्याला यातले कळते त्याला विचारले का?’ हेही गुरुजींना आणि बाईंना अवश्य विचारा.