भास्कराचार्य : क्षणाच्या गतीचे गणित

भास्कराचार्यांचे नाव ‘लीलावती’मुळे घरोघरी पोहोचले. मात्र त्यांच्या प्रतिभेची खरी झेप दिसते ती ग्रहगणितात. सतत बदलणाऱ्या गतीचे एका क्षणापुरते मोजमाप कसे करावे, हा प्रश्न त्यांनी बाराव्या शतकात हाताळला.

शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ सिद्ध केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. त्यावर स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहून त्यांनी नियमांमागची कारणेही उलगडली.

आजच्या आणि उद्याच्या स्थानातील फरक म्हणजे ग्रहाची दैनिक गती. भास्कराचार्यांनी तिला स्थूल ठरवले. चंद्राचा वेग क्षणोक्षणी बदलतो. त्यामुळे तिथी संपण्याची वेळ काढताना त्या क्षणाची ‘तात्कालिक गती’ घ्यावी, असे त्यांनी सांगितले. ज्येतील सूक्ष्म वाढ त्या स्थानाच्या कोटिज्येच्या प्रमाणात असते, हे त्यांनी त्रैराशिकाने मांडले.

मंगळ, गुरू आदी ग्रहांच्या बाबतीत अडचण मोठी होती. त्यांच्या मध्यम स्थानाला शीघ्रफल या कोनाचा संस्कार द्यावा लागतो. हा कोन थेट हाती येत नाही. त्याची ज्या तेवढी कळते आणि ती शीघ्रकर्णावर अवलंबून असते. तो कर्णही रोज बदलतो. एक राशी दुसरीत गुंतलेली, दुसरी तिसरीत. मग वेग काढायचा कसा?

असाच पेच आज जयसिंगपूरच्या वा जळगावच्या महाविद्यालयात बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे येतो. पाच मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे. तिचा पाय भिंतीपासून तीन मीटरवर आणि टोक चार मीटर उंचीवर आहे. पाय बाहेर सरकू लागला, तर टोक कोणत्या वेगाने खाली येईल? त्यासाठी उंचीचे स्वतंत्र सूत्र काढण्याची गरज नाही. दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज नेहमी २५ असते. एका वर्गात जेवढी वाढ, तेवढीच दुसऱ्यात घट झाली पाहिजे. त्यावरून त्या क्षणी टोकाचा वेग पायाच्या वेगाच्या तीन-चतुर्थांश निघतो. नाते न सोडवता त्या नात्यातूनच वेग काढण्याची ही युक्ती म्हणजे अव्यक्त फलाचे विकलन, अर्थात इम्प्लिसिट डिफरन्शिएशन. उत्तरात पायाचे अंतर आणि उंची ही दोन्ही येतात, ही तिची खूण.

भास्कराचार्यांच्या नियमात तीच खूण आढळते. शीघ्रकेंद्राच्या गतीला शीघ्रफलाच्या कोटिज्येने गुणावे, शीघ्रकर्णाने भागावे आणि येणारी संख्या शीघ्रोच्चाच्या गतीतून वजा करावी. ग्रहाची स्पष्ट गती मिळते. ज्या शीघ्रफलाच्या बदलाचा शोध घ्यायचा, तेच उत्तराच्या सूत्रात आहे. वजा करायची संख्या मोठी ठरली की ग्रह वक्री होतो. फल महत्तम असते तेथे त्याची गती शून्य असते, हेही त्यांनी ओळखले होते.

मूळचे पुण्याचे आणि काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करणारे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये या कार्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. भास्कराचार्यांना चलनकलन अवगत होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. इंग्रज गणिती विल्यम स्पॉटिसवुड यांनी १८६० मध्ये साम्य मान्य केले, परंतु दावा पूर्णपणे स्वीकारला नाही. आज पाहता दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. क्षणिक वेगाची कल्पना भास्कराचार्यांना निःसंशय होती. मात्र कोणत्याही वक्राला लागू पडेल अशी सर्वसाधारण पद्धत सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी घडवली. भास्कराचार्यांचे सूत्र ग्रहांसाठी होते आणि ग्रहांपुरतेच राहिले.

११८३ मध्ये, उतारवयात, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. त्यांचे नातू चांगदेव यादवराजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. शके ११२८ मधील तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये उजेडात आणला. एका गणितज्ञाचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून दिलेल्या दानाची नोंद दगडावर कोरलेली आढळावी, हे भास्कराचार्यांचे अनोखे स्मारकच म्हणावे लागेल.