मायकेल कर्टीझ : वैविध्य आणि शैली

साहित्याचा अभ्यास करताना 'शैली' हा शब्द आपण वारंवार वापरतो. एखादा लेखक पुनःपुन्हा त्याच विषयाकडे आणि त्याच प्रकारच्या माणसांकडे वळत असेल, तर त्याची शैली सांगणे तुलनेने सोपे जाते. परंतु ज्याला आपला विषय निवडण्याची मुभा क्वचितच मिळाली, अशा कलावंताची शैली कशात शोधायची? हॉलिवूडच्या स्टुडिओपर्वातील दिग्दर्शक मायकेल कर्टीझ यांच्या चरित्रातून हा प्रश्न ठळकपणे समोर येतो. भयपट, चाच्यांच्या साहसकथा, तुरुंगपट, संगीतपट, पाश्चिमात्य गुराख्यांचे पट, कौटुंबिक सुखात्मिका असे बहुतेक सर्व प्रकार त्यांनी हाताळले. त्यांच्या चित्रपटांची संख्या दीडशेहून अधिक भरते.

कर्टीझ यांचा जन्म २४ डिसेंबर १८८६ रोजी बुडापेस्ट येथील एका ज्यू कुटुंबात झाला. जन्मनाव मानो कामिनेर. तरुणपणी त्यांनी मिहाय केर्तेस हे हंगेरियन नाव धारण केले. केर्तेस या शब्दाचा अर्थ माळी. (हंगेरियन भाषेत आडनाव आधी आणि व्यक्तिनाव नंतर येते, त्यामुळे मायदेशी ते केर्तेस मिहाय होते.) रंगभूमीवरून ते १९१२ च्या सुमारास चित्रपटांकडे वळले. १९१९ मध्ये बेला कून यांच्या साम्यवादी राजवटीने चित्रपटव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण केले, त्या उलथापालथीत कर्टीझ यांनी देश सोडला. पुढे व्हिएन्नात त्यांनी भव्य बायबलकालीन पट केले. त्यांतील 'मून ऑफ इस्राएल' (१९२४) पाहून वॉर्नर बंधूंनी त्यांना अमेरिकेत बोलावले. १९२६ मध्ये ते हॉलिवूडला पोहोचले, तेव्हा वयाची चाळिशी जवळ आली होती आणि नावाने तिसरे रूप घेतले होते.

स्टुडिओपद्धतीत दिग्दर्शक हा करारबद्ध पगारदार असे. पटकथा, नटसंच, दिवस आणि खर्च यांचा निर्णय निर्माता करी. एक चित्रपट संपतो न संपतो तोच दुसरा हाती ठेवला जाई. वॉर्नरसाठी कर्टीझ यांनी ऐंशीहून अधिक चित्रपट केले, ते या वेगामुळेच. १९३८ हे एकच वर्ष पाहा. 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' हा रंगीत साहसपट विल्यम किली यांच्याकडून काढून अर्ध्यात त्यांच्याकडे सोपवण्यात आला. त्याच वर्षी 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' हा गुन्हेगारीपट आणि 'फोर डॉटर्स' हे घरगुती नाट्य आले. या शेवटच्या दोहोंसाठी त्यांना एकाच वेळी ऑस्करची नामांकने मिळाली. पुरस्कार मात्र फ्रँक काप्रा यांना गेला.

भारतीय वाचकाने त्यांचा 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' (१९३६) जरूर पाहावा, तोही सावधपणे. बालाक्लाव्हाची घोडदळाची चढाई १८५४ ची. चित्रपटात तिचे कारण म्हणून हिंदुस्थानातील चुकोटी नावाच्या काल्पनिक ठाण्यावरील कत्तल दाखवली आहे. ही कत्तल १८५७ च्या कानपूरवर बेतलेली आहे. म्हणजे कारण कार्यानंतर तीन वर्षांनी घडते! चित्रीकरणात अनेक घोडे प्राणास मुकले, हा त्या पटावरचा कायमचा डाग आहे.

कर्टीझ यांचे इंग्रजी अखेरपर्यंत मोडकेतोडके राहिले आणि त्यावरून स्टुडिओत पुष्कळ विनोद होत. मला यातच त्यांच्या शैलीचा धागा दिसतो. संवादांवर ज्याची पकड नाही, तो छायाप्रकाशावर आणि कॅमेऱ्याच्या हालचालीवर विसंबतो. 'रॉबिन हूड'मधील द्वंद्वयुद्ध आठवा: लढणारी माणसे चौकटीबाहेर जातात आणि खांबावर केवळ त्यांच्या प्रचंड सावल्या तलवारी चालवतात. सावल्यांची ही योजना त्यांच्या भयपटांत आहे आणि 'मिल्ड्रेड पिअर्स' (१९४५) या आई-मुलीच्या कहाणीतही आहे. विषय बदलतो, पाहण्याची रीत बदलत नाही.

'कासाब्लांका'चे चित्रीकरण मे ते ऑगस्ट १९४२ या काळात जवळजवळ संपूर्णपणे स्टुडिओतच झाले. आधार होता एका अप्रयुक्त नाटकाचा. पटकथा एप्स्टाइन बंधू आणि हॉवर्ड कॉख लिहीत होते, आणि चित्रीकरण चालू असतानाही शेवट पक्का झालेला नव्हता. श्रेयनामावलीतील कलावंतांपैकी जेमतेम तिघे अमेरिकेत जन्मलेले. नाझी अधिकारी साकारणारे कॉनराड फाइट हे स्वतः नाझींमुळे जर्मनी सोडून आलेले होते. चित्रपटात अमेरिकेला निघालेले एक वृद्ध जोडपे सरावासाठी आपसात इंग्रजीच बोलू पाहते आणि साधी वेळ विचारतानाही अडखळते. प्रसंग हसवतो. पण तो चित्रित करणारा माणूसही तसेच इंग्रजी बोलत होता आणि त्याचे आप्त तेव्हा हंगेरीत अडकलेले होते. पुढे त्यांपैकी काहींना आउश्वित्झला नेण्यात आले. या चित्रपटासाठी मार्च १९४४ मध्ये कर्टीझ यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा ऑस्कर मिळाला.

माणूस म्हणून ते कठोर होते. नटांनी दुपारच्या जेवणासाठी काम थांबवावे, हे त्यांना खपत नसे. एरल फ्लिन यांच्याशी त्यांचे सतत खटके उडत. पत्नी बेस मेरेडिथ या नामवंत पटकथाकार. त्यांचा सल्ला ते नेहमी घेत, तथापि पडद्यावर त्याचे श्रेय बहुधा दिसत नाही.

दिग्दर्शक हाच चित्रपटाचा लेखक, असे मानणाऱ्या समीक्षेने कर्टीझ यांना दुय्यम स्थान दिले. अँड्र्यू सॅरिस यांच्या १९६८ च्या ग्रंथात 'कासाब्लांका' हा सुदैवी अपवाद ठरतो. मला हा निवाडा अपुरा वाटतो. विषयांची एकसूत्रता हीच शैली मानली, तर मागणीबरहुकूम काम करणारे सारेच कलावंत बाद होतील. आपल्या आश्रित दरबारी कवींचे तरी मग काय करायचे?

१९४८ च्या न्यायालयीन निकालाने स्टुडिओंना चित्रपटगृहांची मालकी सोडावी लागली, दूरचित्रवाणी आली आणि जुनी व्यवस्था ढासळू लागली. वॉर्नर सोडल्यावर कर्टीझ यांनी पॅरामाउंटसाठी 'व्हाइट ख्रिसमस' (१९५४) केला, एल्व्हिस प्रेस्ली यांना घेऊन 'किंग क्रिओल' (१९५८) केला. शेवटचा चित्रपट 'द कोमान्चेरोज' (१९६१). त्या वेळी कर्करोगाने ते इतके खचले होते की बरेचसे दिग्दर्शन नायक जॉन वेन यांनी सांभाळले. वेन यांनी श्रेय घेतले नाही. पडद्यावर नाव कर्टीझ यांचेच राहिले. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.