इंदूरचा एक दिवसाचा महाराजा : पॅट्रिक गेडिस

इंदूरला स्वच्छतेचे बक्षीस मिळाले की आम्हा इंदूरकरांची छाती फुगते, आणि ते योग्यच आहे. पण या शहरात कचरा हटवण्याची एक मोठी मोहीम शंभर वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीत झाली होती. ती करणारा माणूस स्कॉटलंडचा होता आणि पेशाने वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. आमच्या पिढीतही हे नाव फार थोड्यांच्या कानावर आले आहे.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. बालपण पर्थजवळच्या टेकडीवर, घरच्या बागेत गेले. पुढे लंडनला हक्सले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले, पण पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. तरीही डंडी येथे ते तीस वर्षे प्राध्यापक होते! 1879 मध्ये मेक्सिकोत संशोधनाला गेले असता त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे पुढे जमेना. मग त्यांनी झाडाझुडपांऐवजी माणसाच्या वस्तीकडे नजर वळवली. रोपाला जमीन, पाणी, ऊन जसे मिळेल तसे ते वाढते. माणसाचेही तसेच, हा त्यांचा साधा विचार होता.

1886 मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाल्यावर हे दांपत्य कुठे राहायला गेले? एडिंबरोच्या जुन्या भागातल्या जेम्स कोर्ट या दाटीवाटीच्या, कळकट चाळीत. सुशिक्षित मंडळी तो भाग सोडून नव्या वस्तीत जात होती, तेव्हा हे उलटे तिकडे गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भिंतींना चुना लावला, साफसफाई केली, खिडक्यांत फुलझाडे ठेवली. सगळे पाडून टाकण्याऐवजी अगदी मोडकळीला आलेली थोडी घरे काढायची, हवा-उजेडाला वाट करून द्यायची आणि बाकीची वस्ती सांभाळायची, ही त्यांची पद्धत तिथेच तयार झाली.

1914 मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे नकाशे आणि चित्रे ज्या बोटीतून येत होती ती जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवली. आयुष्यभराचा संग्रह समुद्रात गेला. मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठवले आणि प्रदर्शन झाले. मग गावोगाव हिंडून अहवाल लिहिणे सुरू झाले. आपल्या बडोद्याचाही त्यात समावेश आहे.

1917 साल त्यांच्यावर फार वाईट गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलॅस्टर फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला. ॲना तेव्हा आजारी होत्या म्हणून त्यांना हे कळू दिले नाही. जूनमध्ये त्या कलकत्त्यात वारल्या. हे दुःख उरात ठेवूनच गेडिस इंदुरात काम करत होते.

तुकोजीराव होळकर (तिसरे) यांचे राज्य होते. गावात प्लेगची दहशत. गेडिस हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून फिरू लागले की लोक घाबरून दूर होत. हा साहेब आपली घरे पाडायला आला आहे, अशी समजूत पसरली होती. लोकांचेही चुकले नाही. प्लेग आला की घरे खाली करायची, पाडायची, हाच तोवरचा सरकारी उपाय होता.

तेव्हा गेडिस यांनी दरबाराकडे एक चमत्कारिक मागणी केली : दिवाळीपुरते मला एक दिवसाचा महाराजा करा. ती मान्य झाली! मग जाहीर झाले की यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. जिथली घरे सर्वांत जास्त झाडून, दुरुस्त करून, रंगवून निघतील तिकडून जाईल. कचरा फुकट उचलला जाईल. झाले, गल्लीगल्लीत चढाओढ लागली. गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर पडला, उंदीर हजारोंनी पकडले गेले. हुकमाने जे झाले नसते ते मिरवणुकीच्या हौसेने झाले.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, सुगीचे देखावे होते. मागोमाग पडक्या घरांचे आणि रोगांचे भेसूर देखावे, घाणीचा प्रचंड राक्षस आणि प्लेगचा अजस्र उंदीर. आणि त्यानंतर कोण, तर गावातले सफाई कामगार! स्वच्छ पांढरे कपडे, हातात नवे झाडू, गळ्यात फुलांचे हार. ज्यांची सावली टाळत असत त्यांना त्या दिवशी लोकांनी मानाने पाहिले. आम्हाला सगळ्या हकिकतीत हेच दृश्य मोठे वाटते. पाठोपाठ लक्ष्मी आली, तुळशीची रोपे वाटली गेली, आणि रात्री आतषबाजीत राक्षस व उंदीर जाळले गेले.

1918 मध्ये त्यांचा इंदूरवरील दोन खंडांचा अहवाल निघाला. मैला खर्चिक गटारांतून वाहून घालवण्यापेक्षा त्याचे खत करून बागा फुलवा, असा त्यांचा आग्रह होता. हिशेब पाहण्यात हयात गेलेल्या आम्हाला तो पटतो. पुढे याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची इंदूर पद्धत विकसित केली, हा योगायोगही गमतीचा आहे.

1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना हेरून विलायतेला शिकायला पाठवण्यात त्यांचाच हात होता. 1924 मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी देश सोडला आणि फ्रान्समध्ये माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारले. 1932 च्या आरंभी सर ही पदवी मिळाली आणि 17 एप्रिलला तिथेच त्यांचे निधन झाले.

अहवालात त्यांनी खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठांवर बरीच पाने खर्ची घातली आहेत : काठ स्वच्छ करा, झाडे लावा, घाट सांभाळा. आमच्या लहानपणापासून मात्र आम्ही खान नदीला नालाच म्हणत आलो.