जॉर्ज बेस्ट

जॉर्ज बेस्ट (२२ मे १९४६, बेलफास्ट – २५ नोव्हेंबर २००५, लंडन) हा उत्तर आयर्लंडचा व्यावसायिक फुटबॉलपटू होता. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या क्लबकडून १९६३ ते १९७४ या काळात विंगर म्हणून खेळताना त्याने ४७० सामन्यांत १७९ गोल केले. १९६८ साली युनायटेडने युरोपियन चषक जिंकला आणि त्याच वर्षी बेस्टला युरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूसाठीचा बॅलन डी'ओर पुरस्कार मिळाला. मैदानाबाहेरच्या आयुष्यामुळेही तो तितकाच ओळखला गेला. जाहिराती, दुकाने आणि वृत्तपत्रीय प्रसिद्धी यांतून वेतनाखेरीज मोठी कमाई करणाऱ्या ब्रिटनमधील पहिल्या फुटबॉलपटूंमध्ये त्याची गणना होते. मद्य, जुगार आणि फसलेले व्यवसाय यांत त्याने ती कमाई गमावली. वयाच्या २७ व्या वर्षी त्याची युनायटेडमधील कारकीर्द संपली आणि ५९ व्या वर्षी दीर्घकालीन मद्यपानामुळे ओढवलेल्या आजारपणात त्याचा मृत्यू झाला.

बालपण

बेस्टचा जन्म बेलफास्टमधील एका प्रोटेस्टंट कामगार कुटुंबात झाला. त्याचे वडील डिकी बेस्ट हे शहरातील हार्लंड अँड वुल्फ या जहाजबांधणी कारखान्यात कामाला होते, तर आई ॲन ही तरुणपणी हॉकीची चांगली खेळाडू होती. भावंडांत जॉर्ज थोरला. पूर्व बेलफास्टमधील क्रेगा या वसाहतीत त्याचे बालपण गेले. अभ्यासात तो हुशार होता व परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याला ग्रोव्हनर हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला. परंतु तेथे फुटबॉलऐवजी रग्बी खेळली जाई. परिणामी तो शाळा चुकवू लागला आणि अखेर त्याला घराजवळच्या लिसनाशारा शाळेत घालण्यात आले. अंगाने तो अत्यंत किरकोळ होता. ग्लेंटोरान या स्थानिक क्लबने याच कारणावरून त्याला नाकारले.

१९६१ साली युनायटेडसाठी गुणवान मुले हेरणारे बॉब बिशप यांनी त्याचा खेळ पाहिला आणि व्यवस्थापक मॅट बस्बी यांना तार करून त्याच्या असामान्य प्रतिभेची माहिती दिली. पंधरा वर्षांचा बेस्ट एरिक मॅकमॉर्डी या दुसऱ्या मुलासोबत मँचेस्टरला पोहोचला. मात्र घराच्या ओढीने दोघेही लगेच बेलफास्टला परतले. वडिलांचे बस्बींशी बोलणे झाल्यानंतर बेस्ट पुन्हा मँचेस्टरला गेला. तेथे तो मेरी फुलवे या बाईंच्या घरी भाडेकरू म्हणून राहू लागला. उत्तर आयर्लंडमधील मुलांना शिकाऊ खेळाडू म्हणून घेण्यास इंग्लिश क्लबांना त्या वेळी मनाई होती. त्यामुळे मँचेस्टर शिप कॅनालच्या कचेरीत निरोप्याचे काम करीत तो हौशी खेळाडू म्हणून सराव करीत असे. मे १९६३ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने व्यावसायिक करारावर सही केली.

काळाची पार्श्वभूमी

बेस्ट मँचेस्टरला आला त्या १९६१ या वर्षी ब्रिटिश फुटबॉलपटूच्या आयुष्यावर परिणाम करणारे दोन बदल घडले. तोपर्यंत फुटबॉल लीगमधील कोणत्याही खेळाडूस आठवड्याला २० पौंडांपेक्षा अधिक वेतन देता येत नसे. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर जानेवारी १९६१ मध्ये ही कमाल मर्यादा रद्द झाली. त्याच वर्षाच्या लंडनमधील फुलहॅम क्लबने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड देऊ केले. दुसरा बदल जुगाराविषयीच्या कायद्यातला होता. १९६० च्या कायद्यानुसार १ मे १९६१ पासून सट्ट्याची परवानाधारक दुकाने रस्तोरस्ती उघडली आणि पुढील काही वर्षांत मोठ्या शहरांत कॅसिनोंची संख्या झपाट्याने वाढली.

आधीच्या पिढीतील खेळाडू सामान्य कामगाराच्या आसपास कमावत आणि त्याच्याच वस्तीत राहत. बेस्टच्या पिढीच्या हाती पैसा आला, तो खर्च करण्याच्या नव्या वाटाही खुल्या झाल्या. पण त्या पैशाचे नियोजन कसे करावे, व्यसन जडल्यास काय करावे, याबाबत सल्ला देणारी कोणतीही व्यवस्था क्लबांकडे नव्हती.

मँचेस्टर युनायटेड

१४ सप्टेंबर १९६३ रोजी ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध बेस्टने पहिला सामना खेळला. दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने चेंडू खेळवणे, वेगात असताना अचानक दिशा बदलणे, शरीराच्या हालचालीने बचावपटूला हुलकावणी देणे आणि धसमुसळ्या आडकाठीनंतरही तोल न जाणे ही त्याच्या खेळाची वैशिष्ट्ये होती. बॉबी चार्लटन आणि डेनिस लॉ यांच्यासोबत त्याने युनायटेडच्या आक्रमणाची धुरा वाहिली. संघाने १९६४–६५ आणि १९६६–६७ या हंगामांत लीगचे विजेतेपद मिळवले.

९ मार्च १९६६ रोजी लिस्बन येथे युरोपियन चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत युनायटेडने बेनफिका संघाला ५–१ असे हरवले. एकोणीस वर्षांच्या बेस्टने पहिल्या काही मिनिटांतच दोन गोल केले. त्याच्या लांब केसांमुळे पोर्तुगीज वृत्तपत्रांनी त्याची तुलना बीटल्स या ब्रिटिश संगीतवृंदाशी केली आणि एका रात्रीत तो क्रीडापानांवरून पहिल्या पानावर आला.

१९६७–६८ च्या हंगामात त्याने लीगमध्ये २८ गोल केले. २९ मे १९६८ रोजी वेम्बली येथे झालेल्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा बेनफिकाच समोर होता. निर्धारित वेळेत १–१ अशी बरोबरी झाली. अतिरिक्त वेळेच्या सुरुवातीस बेस्टने बचावपटूला आणि नंतर गोलरक्षकाला चकवून गोल केला व युनायटेडने सामना ४–१ असा जिंकला. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात संघातील आठ खेळाडू गमावलेल्या बस्बींसाठी हा दहा वर्षांच्या प्रयत्नांचा शेवट होता. बेस्ट तेव्हा जेमतेम २२ वर्षांचा होता, आणि त्याच्या कारकिर्दीतील हे अखेरचे मोठे विजेतेपद ठरले.

प्रसिद्धी आणि संपत्ती

बेस्टच्या व्यावसायिक व्यवहारांसाठी केन स्टॅन्ली हा प्रतिनिधी नेमण्यात आला होता. चाहत्यांकडून येणाऱ्या पत्रांचा ढीग हाताळण्यासाठी स्वतंत्र माणसे ठेवावी लागत. बेस्टने बूट, कपडे आणि खाद्यपदार्थ यांच्या जाहिराती केल्या. मँचेस्टर सिटीचा खेळाडू माइक समरबी याच्या भागीदारीत त्याने पुरुषांच्या तयार कपड्यांचे दुकान काढले. पुढे त्याने नाइटक्लबमध्येही पैसे गुंतवले.

शहराबाहेर ब्रॅमहॉल येथे त्याने आधुनिक धाटणीचे घर बांधून घेतले. मोठमोठ्या काचांचे हे घर लवकरच प्रेक्षणीय स्थळ बनले. सुटीच्या दिवशी लोक सहकुटुंब येत आणि कुंपणाबाहेर उभे राहून आत डोकावत. या घरात त्याला निवांतपणा लाभला नाही. जानेवारी १९७२ मध्ये आठवडाभर सरावाला दांडी मारल्यावर क्लबने त्याला दंड केला आणि पुन्हा फुलवे बाईंच्या घरी राहण्यास पाठवले.

जुगार आणि मद्यपान

सरावानंतर रिकामी राहणारी दुपार आणि सामन्यानंतरची रात्र बेस्ट मँचेस्टरमधील मद्यगृहांत, नाइटक्लबांत आणि कॅसिनोंत घालवू लागला. घोड्यांच्या शर्यतींवरही तो पैसे लावी. जुगारात एका रात्रीत मोठी रक्कम जिंकणे आणि पुढच्या रात्री ती घालवणे हा त्याचा नित्यक्रम झाला. हरल्याची खंत आणि जिंकल्याचा आनंद दोन्ही अखेरीस मद्याकडेच नेत. त्याचा जुगार सामन्यांच्या निकालात फेरफार करण्याशी कधीही जोडला गेला नाही. या बाबतीत तो त्या काळच्या दुसऱ्या प्रकरणापासून वेगळा होता: १९६२ मधील एका सामन्यावर आपल्याच संघाच्या पराभवाची पैज लावल्याबद्दल पीटर स्वान, डेव्हिड लेन आणि टोनी के या खेळाडूंना जानेवारी १९६५ मध्ये तुरुंगवास झाला होता. बेस्टच्या जुगाराने नुकसान केले ते त्याचे स्वतःचेच.

निवृत्तीनंतर भोजनसमारंभांत तो एक किस्सा रंगवून सांगत असे. कॅसिनोत जिंकलेल्या नोटा हॉटेलच्या पलंगावर पसरलेल्या, सोबतीला माजी विश्वसुंदरी, अशा वेळी शॅम्पेन घेऊन आलेल्या नोकराने त्याला, हे सगळे नेमके कुठे बिघडले, असे खेदाने विचारले. या किश्श्यावर श्रोते हसत आणि नोकराला भोळा समजत. मात्र बेस्टच्या आयुष्याचा पुढचा प्रवास पाहता तो प्रश्न भोळा नव्हता, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे.

शिस्तभंग आणि गच्छंती

डिसेंबर १९६९ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यानंतर पंचाच्या हातातील चेंडू उडवल्याबद्दल बेस्टवर चार आठवड्यांची बंदी आली. बंदी संपल्यावर ७ फेब्रुवारी १९७० रोजी एफए चषकात नॉर्दॅम्प्टन टाऊनविरुद्ध त्याने एकट्याने सहा गोल केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्कॉटलंडविरुद्ध पंचाच्या दिशेने चिखल फेकल्यामुळे त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. जानेवारी १९७१ मध्ये चेल्सीविरुद्धच्या सामन्यासाठी निघालेली संघाची गाडी त्याने चुकवली आणि तो शनिवार-रविवार लंडनमध्ये एका अभिनेत्रीच्या घरी काढला. बाहेर बातमीदारांचा गराडा पडला होता. क्लबने त्याला दोन आठवडे निलंबित केले.

बस्बी १९६९ मध्ये व्यवस्थापकपदावरून दूर झाले होते. त्यांच्या जागी आलेल्यांना उतरणीला लागलेला संघ सावरता आला नाही. बेस्टच्या मते, सहकारी दुबळे झाल्याने संघाचा सारा भार त्याच्यावर पडत होता; सहकाऱ्यांच्या मते, त्याच्या गैरहजेरीने तो भार इतरांवर पडत होता. मे १९७२ मध्ये स्पेनमधून त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो केवळ २६ वर्षांचा होता. नंतर तो परतला, पुन्हा गेला, पुन्हा परतला. १ जानेवारी १९७४ रोजी क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध ०–३ असा गमावलेला सामना युनायटेडकडून त्याचा अखेरचा ठरला. त्या हंगामाच्या शेवटी युनायटेडची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली.

पुढील कारकीर्द

यानंतर बेस्ट स्टॉकपोर्ट काउंटी, आयर्लंडमधील कॉर्क सेल्टिक, लंडनमधील फुलहॅम, स्कॉटलंडमधील हिबर्नियन आणि बोर्नमथ अशा अनेक क्लबांकडून खेळला. अमेरिकेत लॉस एंजेलिस ॲझटेक्स, फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्स आणि सॅन होजे अर्थक्वेक्स या संघांत त्याने काही हंगाम काढले. १९८१ मध्ये सॅन होजेकडून अनेक बचावपटूंना लागोपाठ चकवून त्याने केलेला गोल आजही दाखवला जातो. हिबर्नियनने त्याला सामने चुकवल्याबद्दल काढून टाकले आणि लगेच परत घेतले. कारण तो खेळणार म्हटले की मैदानावर गर्दी होत असे.

उत्तर आयर्लंडकडून त्याने १९६४ ते १९७७ दरम्यान ३७ सामने खेळून ९ गोल केले. विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत खेळण्याची संधी त्याला कधीच मिळाली नाही. १९८२ मध्ये त्याचा देश त्या स्पर्धेस पात्र ठरला, परंतु ३६ वर्षांच्या बेस्टची संघात निवड झाली नाही. त्याच वर्षी करथकबाकीमुळे त्याला न्यायालयाने दिवाळखोर घोषित केले.

व्यक्तिगत जीवन

बेस्टच्या आईला चाळिशी ओलांडल्यानंतर मद्याचे व्यसन लागले आणि १९७८ मध्ये तिचा मृत्यू झाला. मुलाविषयी सतत छापून येणाऱ्या मजकुराचा तिला त्रास होत असे, असे कुटुंबीयांनी सांगितले आहे. आपण मायदेशी राहून तिच्यासाठी काही करू शकलो नाही, ही बोच बेस्टला अखेरपर्यंत होती. १९७८ मध्ये त्याने अँजेला मॅकडोनाल्ड-जेन्स हिच्याशी विवाह केला. १९८१ मध्ये त्यांना कॅलम हा मुलगा झाला. पुढे दोघे विभक्त झाले. १९९५ मध्ये अ‍ॅलेक्स पर्सी हिच्याशी झालेला दुसरा विवाह २००४ मध्ये संपुष्टात आला. १९८४ मध्ये मद्यधुंद अवस्थेत मोटार चालवणे आणि पोलिसावर हात उगारणे या गुन्ह्यांसाठी त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि त्या वर्षीचा नाताळ त्याने तुरुंगात काढला.

आजार आणि मृत्यू

२००० साली बेस्टचे यकृत गंभीररीत्या निकामी झाल्याचे निदान झाले. मद्य पिताच उलट्या व्हाव्यात, अशा औषधाच्या गोळ्या त्याच्या त्वचेखाली बसवण्यात आल्या. २००२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सरकारी खर्चाने त्याच्यावर यकृत प्रत्यारोपण झाले. काही महिन्यांनी तो पुन्हा मद्य पिताना दिसला, तेव्हा दात्याच्या अवयवावर व्यसनी रुग्णाचा हक्क किती, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. मद्यासक्ती हा स्वभावदोष नसून आजार आहे, हे वैद्यकीय मतही या वादात मांडले गेले. २००३ मध्ये त्याने आपला बॅलन डी'ओर पुरस्कार लिलावात विकला.

ऑक्टोबर २००५ मध्ये तो लंडनच्या क्रॉमवेल रुग्णालयात दाखल झाला. मृत्यूपूर्वी काही दिवस त्याच्याच इच्छेनुसार रुग्णशय्येवरील त्याचे छायाचित्र, इतरांनी आपल्यासारखे मरण ओढवून घेऊ नये या इशाऱ्यासह, वृत्तपत्रात छापण्यात आले. २५ नोव्हेंबर रोजी त्याचे निधन झाले. ३ डिसेंबरला बेलफास्टमध्ये पावसात सुमारे एक लाख लोकांनी त्याला निरोप दिला. धार्मिक आणि राजकीय फाळणीने दुभंगलेल्या त्या शहरात प्रोटेस्टंट व कॅथलिक एकत्र रस्त्यावर उभे राहिले. रोझलॉन दफनभूमीत आईच्या शेजारी त्याचे दफन झाले.

वारसा

२००६ मध्ये, त्याच्या साठाव्या जन्मदिनी, बेलफास्टच्या शहर विमानतळास त्याचे नाव देण्यात आले. २००८ पासून ओल्ड ट्रॅफर्डबाहेर बेस्ट, लॉ आणि चार्लटन यांचा एकत्रित पुतळा उभा आहे.

बेस्टच्या काळात ज्या व्यवस्था नव्हत्या, त्यांपैकी काही पुढे उभ्या राहिल्या. मद्यासक्तीतून बाहेर आलेला आर्सेनलचा माजी कर्णधार टोनी ॲडम्स याने २००० साली स्पोर्टिंग चान्स हे खेळाडूंसाठीचे उपचारकेंद्र स्थापन केले. तेथे जुगाराच्या व्यसनावरही उपचार होतात. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ऑगस्ट २०१४ पासून वरच्या श्रेणींतील खेळाडूंना जगातील कोणत्याही फुटबॉल सामन्यावर पैज लावण्यास बंदी घातली. दुसरीकडे खेळाडूंची मिळकत बेस्टच्या काळाच्या अनेक पटींनी वाढली आणि सट्टा कंपन्यांची नावे संघांच्या गणवेशांवर झळकू लागली. त्यामुळे तरुण वय, अमाप पैसा आणि रिकामा वेळ यांच्या धोक्याची चर्चा निघाली की बेस्टचे उदाहरण आजही पुढे येते.