ना. वा. टिळक आणि देवाचा दरबार

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१चा, करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घरातला हा कवी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागला. नगर जिल्ह्यात इंग्लंडच्या चर्चचेही मिशन होते. पंथभेद परदेशातले, पण त्यांच्यामुळे इथले महार-मांग समाजातून आलेले ख्रिस्ती दोन मिशनांत वाटले गेले.

परकीय मिशनरींची मालकी टिळकांना खटकत होती. त्यांनी अभंग-कीर्तनातून ख्रिस्त मराठीत आणला. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. बरीच प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र यायला १९७० उजाडले, तेही नागपुरात.

त्याच नागपुरात १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष पुढे किती गटांत फुटला, हे आपण जाणतोच. रेणापूर तालुक्यातल्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू : मालकी दुसऱ्याची असेल तर जरूर वेगळे व्हा, पण नवी संघटना एका माणसावर उभी करू नका. सभासद, हिशेब आणि पुढची फळी आधी तयार करा. जय भीम!